न शिकवलेला चौथा डाव

सोहम आणि रेवा,

गेल्या रविवारच्या कॉलवर सोहमने मला विचारलं, "आजी, क्रिकेट अकादमीवाले व्हिडिओवर मुलाखत घेणार आहेत. त्यांना काय ऐकायचं असतं?" मी "शांत बस आणि खरं बोल" असं काहीतरी सांगितलं आणि कॉल संपला. मग दिवसभर रुखरुख लागून राहिली. हा प्रश्न मनात धरून माझ्यासमोर येऊन बसलेल्या माणसांवरच मी पस्तीसेक वर्षं पोट भरलं, आणि स्वतःच्या नातवाला मात्र एक गुळमुळीत वाक्य देऊन मोकळी झाले. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "काकू, तुमच्या कामाबद्दल लिहा ना." तेव्हा ठरवलं की अंकासाठी लिहायचं, पण तुम्हां दोघांना. मेलबर्नला अंक पोचेल तेव्हा आईकडून वाचून घ्या. अडलेला शब्द तिला विचारा, फोनला नको.

माझं काम माणसं निवडण्याचं. पुण्यात मानसशास्त्र शिकले, लग्न होऊन नेदरलँड्सला आले, डच शिकले आणि नोकरीला लागले. ट्राम कोण चालवेल, मोठं जहाज बंदरात कोण आणेल, विमानतळाच्या मनोऱ्यात कोण बसेल, हे ठरवण्याआधी ती माणसं माझ्यासारखीच्या समोर येत. मी त्यांना कोडी घालत असे, गप्पा मारत असे आणि शेवटी लिहीत असे की हा घ्या, हा घेऊ नका, याला थांबवा. घाईत आणि भीतीत माणूस काय करतो, एवढंच मला बघायचं असे. आणि नेमकं तेच लपवून ठेवायची तयारी करून प्रत्येक जण येई. त्यामुळे संशय हा माझा स्वभाव नव्हता, तो मला नोकरीने लावला. मग तो सुटला नाही. भाजीवाल्याने न मागता एक लिंबू जास्त घातलं तरी मी बाकीची लिंबं उलटून बघते, असं आजोबा म्हणतात. बघतेच.

निवृत्त झाल्यावर मारैके नावाच्या माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीने लायडनमध्ये छोटी कंपनी काढली. खेळाडू दडपणाखाली निर्णय कसे घेतात हे ती तपासून देई. सुरुवातीला गिऱ्हाईकं इथलीच होती, आपल्या ओळखीच्या फुटबॉलची. मग कोरोना आला, जगातली सगळी माणसं पडद्यावरच्या चौकटीत बसली आणि अमेरिकेतला एक क्लब तिच्याकडे आला. त्यांचं फुटबॉल वेगळं. मारैकेने मला फोन केला. "तुला फक्त इंग्रजीत मुलांशी बोलायचंय. खेळ मी समजावते."

"मला चेंडूतलं काही कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते सगळे चेंडूकडेच बघतात."

आता खेळ तुम्हांला समजावते, क्रिकेटच्या पोरांना जेवढा लागेल तेवढा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. ज्या बाजूकडे चेंडू आहे, त्यातल्या एकाच्या हातात तो दर वेळी येतो. तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यापासून त्याला मिळतात दोन-तीन सेकंद. तेवढ्यात समोरून आपल्या फ्रिजएवढे चार-पाच पुरुष त्याच्या अंगावर धावत येतात, त्याचे स्वतःचे साथीदार चार दिशांना पळतात, आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. त्याआधी हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरमधून प्रशिक्षक त्याला पुढचा डाव सांगतो. डावाचं नाव एका वाक्याएवढं लांब असतं. ते त्याने एकदाच ऐकायचं, न चुकता दहा जणांना सांगायचं, आणि मैदानावर उभं राहून समोरचे कसे उभे आहेत ते बघून लागलंच तर बदलायचं. म्हणजे तोच कर्णधार, तोच गोलंदाज आणि तोच धावता धावता क्षेत्ररचना लावणारा.

दर वर्षी हे क्लब कॉलेजातली मुलं निवडतात, त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. सगळ्यांत जास्त हरलेल्या क्लबाला पहिली निवड. क्वार्टरबॅक चुकला तर क्लब चार-पाच वर्षं चुकतो आणि प्रशिक्षकाची नोकरी जाते. बरोबर निवडला तरी अर्धंच काम झालं. काही मुलांना पहिलं वर्ष बाजूला बसवून नुसतं बघू द्यावं लागतं. घाई केली तर ती मार खातात, शरीराने खातात आणि मनानेही. बसवायचा की खेळवायचा, हा या धंद्यातला खरा प्रश्न. निवडीच्या वेळी सगळ्यांना फक्त हात किती लांब फेकतो ते दिसत असतं.

एरवी क्लबाचे लोक मुलांच्या कॉलेजात जातात, जेवायला नेतात, आईबापांना भेटतात. त्या हिवाळ्यात जाणंच बंद होतं. इथे आमच्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतसुद्धा घरी एकच पाहुणा चाले आणि रात्रीची संचारबंदी होती. तेव्हा दुपार कलली की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची आणि तिकडे सकाळचे ताजेतवाने, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा असलेले मुलगे पडद्यावर येऊन म्हणायचे, "गुड मॉर्निंग, मॅम."

आजोबा आतून विचारायचे, "आज कुणाचे कांदेपोहे?"

त्यांचं बरोबरच होतं. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात जसं स्वयंपाक येतो का विचारलं की "थोडाफार" म्हणायचं असतं, तसं या मुलांना सगळं शिकवून बसवलेलं असे. तुझा दोष कोणता असं विचारलं, की "मी फार मेहनत करतो." पाच वेगवेगळ्या कॉलेजांतल्या पाच मुलांनी मला वादळात पडलेलं झाड बापाबरोबर उचलल्याची हकीकत सांगितली. झाड एकच असावं, आणि ते एखाद्या मुलाखत शिकवणाऱ्याच्या अंगणात पडलं असावं. चष्मेवाल्या मुलाच्या काचेत मला उत्तरं लिहिलेला दुसरा पडदा दिसे. एकाच्या आईने पडद्याबाहेरून उत्तर दिलं, मुलगा शिकवाल तसा शिकतो म्हणून, "ही इज व्हेरी कोचेबल!" मी म्हटलं, "ताई, तुम्हीच या ना समोर." तर ती खरंच आली, आणि मुलापेक्षा छान बोलली. तिला घ्या असं मी लिहिलं होतं. मारैकेने ते खोडलं.

आजोबांचं आयुष्य वाखनिंगनला बियाण्याच्या बटाट्यांत गेलं. ते म्हणायचे, "शेतात न जाता मी एक पोतं पास केलं नाही. वरून गुळगुळीत बटाटा आतून पोकळ निघतो. तू चित्र बघून पास करतेयस." हे मला झोंबायचं, कारण तीच शंका मलाही होती.

म्हणून मी आणि मारैकेने एक चाचणी बसवली. मुलाला चार नवे डाव शिकवायचे, मग वीस-पंचवीस मिनिटं घरादाराच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच अचानक म्हणायचं, "बरं, ते चार डाव मला शिकव." नुसते म्हणून दाखवायचे नाहीत, मला शिकवायचे. कारण मैदानावर त्याला दहा जणांना सांगायचंय. डावांना नेहमीची नावं दिली तर मुलं सवयीने ओळखतात, म्हणून मी माझी नावं दिली. भेंडी, पडवळ, दुधी, कारलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मुलाखत-शिक्षकाला ही पढवता आली नसती. मुलं "बेंडी, पॅडवॉल" करत धडपडायची, दोन विसरायची, दुधीत पडवळ मिसळायची. कोण विसरल्यावर चिडतो, कोण थापा मारतो, कोण "एकदा परत सांगा" म्हणतो, ते मी बघायची. आठवणं हे निमित्त होतं. क्लबातर्फे रॉस नावाचा मनुष्य आमच्याशी बोलायचा. त्याला ही कल्पना फार आवडली होती.

अशा एका संध्याकाळी नोलन आला. खरं नाव वेगळं. मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावचा, लांब चेहऱ्याचा, हळू बोलणारा. मी भेंडी शिकवला, पडवळ शिकवला, दुधी शिकवला, आणि दाराची बेल वाजली. आजोबा फिरायला गेलेले. सुपरमार्केटचा डिलिव्हरीवाला होता. त्या दिवसांत सामान दाराबाहेर ठेवून तो दीड मीटर मागे उभा राहायचा आणि मी पिशव्या आत ओढायची. परत आले ती थेट गप्पांनाच लागले. त्याचं गाव, बहिणी, त्याच्या आजोबांचं ट्रॅक्टरचं दुकान. मग म्हटलं, "नोलन, आता मला डाव शिकव."

त्याने एक एक करून शिकवले. संथ, पण स्वच्छ. भेंडीत कोण कुठे वळणार, पडवळात कुणाची वाट बघायची. दुधी झाला. आणि मग तो म्हणाला, "आता कार्ला. यात उजवीकडचा आधी आत येतो आणि मग बाहेर जातो."

मी मान हलवली, आभार मानले, लॅपटॉप मिटला. मग भाजी फ्रिजमध्ये लावताना हातात दूध तसंच राहिलं. कारलं मी शिकवलंच नव्हतं.

आजोबा आले तेव्हा मी ओट्याशी उभी होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू शिकवलं असशील, विसरली असशील. वय झालं."

"नाही शिकवलं, त्याच्या आधीच बेल वाजली होती. अहो, तरी तो कारलं म्हणाला."

"मग पोराला कुणीतरी पेपर दिला."

"ते कळलं हो. कुणी?"

ही चार नावं जगात तिघांना माहीत होती. मला, मारैकेला आणि रॉसला. आधी तपासून गेलेली मुलं होती म्हणा, पण त्यांना "कार्ला" शब्द जेमतेम धरता आला होता, डावातली वळणं तर कुणालाच नाही. नोलनला शेवटच्या पावलापर्यंत येत होतं. म्हणजे कुणीतरी लिहून दिलं होतं. आणि आमच्या कंपनीला त्या वर्षी तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, ते राखायची गरज मारैकेला. मारैकेवर संशय घेताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दोन दिवस मी तिच्या जुन्या गोष्टी आठवत बसले. कधी कुठे काय सोयीचं बोलली, कधी काय गाळलं. संशय असाच असतो. एकदा आत आला, की घरातली जुनी भांडीसुद्धा वाजवून बघतो.

तिला मी आम्स्टेलपार्कात फिरायला बोलावलं. दोघींच्या मध्ये ते सरकारी दीड मीटर अंतर. मी विचारलं, "नोलनला डाव कुणी दिले?"

डच माणसाला असं सरळ विचारलेलं आवडतं. ती थांबली. "तुला वाटतं मी दिले?"

"मला अजून काही वाटत नाहीये. मी विचारतेय."

"मी रॉसला चारही लिहून दिले. तो म्हणाला, नियमांत बसतात का ते वकिलांना दाखवायचेत." मग ती तळ्याकडे वळली. बदकं बघत राहिली. "तू दोन दिवस माझ्यावर संशय घेत होतीस."

"हो."

"कॉफी तू पाजायची," ती म्हणाली.

कॅफे बंद होते. थर्मासमधली पाजली.

मग रॉसशी बोलले. मी आरोप केला नाही. नुसतं विचारलं, नोलनच्या बाबतीत क्लबाला माझ्याकडून नक्की काय हवंय. तो गोड माणूस होता, आवाजात मध. "मॅम, मुलगा आमच्या मालकांना पसंत आहे. प्रशिक्षकांच्या मनात थोडी शंका आहे, की तो लगेच खेळायला तयार आहे का. बाहेरच्या तज्ज्ञाने 'तयार आहे' म्हटलं, तर खोलीतल्या सगळ्यांना शांत झोप लागेल."

मला हसू आलं. कारण हे मी शंभर लग्नघरांत बघितलंय. स्थळ आधीच पसंत असतं, बैठकीची तारीखसुद्धा मनात ठरलेली असते, आणि मग गुरुजींकडे जाऊन म्हणायचं, "पत्रिका जुळवून द्या." जुळते का बघा, असं नाही. जुळवून द्या. मी ते रॉसला इंग्रजीत समजावून सांगितलं. तो खळखळून हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे मग गुरुजी काय करतात?"

"बहुतेक जण जुळवून देतात," मी म्हटलं. "लग्न मोडलं की कुणी गुरुजींना विचारायला जात नाही."

तो पुढे हसला नाही.

खरा प्रश्न राहिला होता नोलनचा. तो चोर आहे की नाही? आणि चोर असो वा नसो, त्याला पहिल्याच वर्षी त्या मैदानात उभा करावा का? त्या क्लबाचे पुढे उभे राहून त्याचं रक्षण करणारे पाच जण दुबळे होते, हे मारैकेने मला चित्रफिती दाखवून सांगितलं होतं. समोरचा खेळ हळू वाचणारा मुलगा तिथे उभा केला तर तो मोडणार होता.

मी त्याला पुन्हा बोलावलं, रॉसला न कळवता. विचारलं, "नोलन, कार्ला तू कुठे शिकलास?"

"मॅम, मिस्टर रॉस यांनी पाठवले होते चारही. गृहपाठ म्हणून." मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, "सगळ्यांना पाठवत नाहीत का?"

"नाही."

तो लाल झाला. "म्हणजे मी कॉपी केली."

"तुला माहीत नव्हतं. आता एक काम कर. कार्ला मला परत शिकव, पण समज, उजवीकडचा आत जायच्या आधीच पडला. आता?"

तो गप्प झाला. या पोरांना गप्प बसायची भीती असते, त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की शांतता म्हणजे कमजोरी. हा बसला. डोळे छताकडे, ओठ हलताहेत. मैदानावर एवढ्या वेळात त्याच्या अंगावर तिघं बसले असते. मग म्हणाला, "मॅम, मी एक विचारू? पडल्याचं मला दिसलंय, की दिसलं नाहीये?"

सोहम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: त्या हिवाळ्यात मी बोललेल्या मुलांपैकी प्रश्न विचारणारा तो एकटा. आणि प्रश्न बरोबर होता. दिसलं असेल तर उत्तर एक, नसेल तर दुसरं. त्याने दोन्ही सांगितली, आणि दोन्ही बरोबर होती, असं नंतर मारैके म्हणाली. फक्त उशिरा.

मी अहवाल लिहिला. चाचणी बाद, कारण प्रश्न आधी फुटले आणि ते मुलाने फोडलेले नाहीत. मुलगा प्रामाणिक. नीट बघतो, पण अजून हळू बघतो. जरूर घ्या. पहिलं वर्ष खेळवू नका. बाजूला उभा करा, हातात काही देऊ नका, बघू द्या.

मारैकेने वाचला. "हे पाठवलं तर ते परत येणार नाहीत."

"माहीत आहे."

"माझ्याकडे तीन माणसं कामाला आहेत."

"तेही माहीत आहे. कंपनी तुझी आहे. तुला बदलायचा असेल तर बदल, पण मग खाली माझं नाव नको."

संध्याकाळी तिचा एका ओळीचा निरोप आला: 'गेला.' बदललेला की तसाच, हे तिने लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं. हो, विचारलं. तिने मला तसाच पाठवलेला दाखवला आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याबद्दल मला सहानुभूती आहे."

क्लबाने वसंतात नोलनला निवडलं. ते आम्ही दोघी आपापल्या घरी पडद्यावर बघत होतो. दिवाणखान्यात घरच्यांच्या गराड्यात बसलेला नोलन क्लबाची टोपी घालून उभा राहिला तेव्हा आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मी त्याचा चेंडू फेकायचा उजवा खांदा बघत होते. क्लब लागोपाठ हरल्यावर मोसमाच्या सुरुवातीलाच त्याला मैदानात उतरवलं. पुढचे पाच जण कोसळत होते. तो बघत होता, नीट बघत होता, आणि बघता बघता मार खात होता. हिवाळा यायच्या आत खांद्याची शस्त्रक्रिया झाली. दोनेक वर्षांनी क्लबाने त्याला सोडलं. प्रशिक्षक आधीच गेले होते. रॉस दुसऱ्या क्लबात बढतीवर गेला. असे रॉस नेहमी वरच जातात.

कोरोनाची बंधनं उठून गेल्यावर एकदा नोलनचा मारैकेच्या कंपनीमार्फत कॉल आला. दाढी वाढवली होती. म्हणाला, "मॅम, एक विचारायचं होतं. तुम्ही मला तयार आहे असं का म्हणालात?"

मला क्षणभर कळेना. "मी? कुणी सांगितलं तुला?"

"क्लबात. पहिल्या दिवशी. म्हणाले, युरोपातल्या तज्ज्ञ बाईंनी तुला पूर्ण गुण दिलेत, आता आमचा विश्वास खोटा ठरवू नकोस. मी रोज मार खायचो आणि वाटायचं, बाई म्हणाल्या मी तयार आहे, म्हणजे चूक माझ्यातच आहे."

आजोबा दारात येऊन उभे होते. मी नोलनला काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द सांगितलं. जरूर घ्या. पहिलं वर्ष खेळवू नका. त्याचे डोळे पूर्वीसारखेच छताकडे गेले. मग म्हणाला, "जरूर घ्या, असं म्हणाला होतात?"

"हो."

"ते नव्हतं सांगितलं त्यांनी."

एवढ्या वर्षांत मी नीट संशय घेतला तो उमेदवारांवर. ज्यांनी मला कामाला लावलं त्यांच्यावर तितका घेतला नाही. अहवाल पाठवला की काम संपलं असं समजत राहिले. तो पुढे कुणाच्या तोंडून, कुणाच्या सोयीने, कुणाच्या कानावर जातो, हे बघायला मी कधी गेले नाही. आमच्या धंद्यात कुणीच जात नाही. मला विचाराल तर जायला हवं.

मारैकेची कंपनी बंद झाली. ती तीन माणसं दुसरीकडे लागली. आमची चाचणी आता कुणी घेत नाही. नोलनचा हात पूर्वीएवढा वर जात नाही, पण दुसऱ्या एका क्लबाने त्याला राखीव म्हणून ठेवलंय. तो रेषेच्या बाहेर उभा राहतो, बघतो, आणि खेळणाऱ्या मुलाला काय दिसलं ते सांगतो. तो अजून खेळात आहे.